पट्टा तुटण्याआधी



आज मी तुमच्याशी एका रबरी पट्ट्याविषयी बोलणार आहे. रुंदीला जेमतेम दोन बोटं, आतल्या बाजूनं दाते असलेला, काळा, साधा पट्टा. ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे, त्यांच्यापैकी अनेकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. कारण तो इंजिनाच्या कडेला एका झाकणाआड लपलेला असतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो कधी बदलायचा, हा प्रश्न ऐकायला फार किरकोळ वाटतो. पण या प्रश्नाचं उत्तर मी एकदा चुकलो आणि एकदा बरोबर दिलं. त्या दोन्ही वेळांची ही हकिकत आहे.

मी काही मोटार मेकॅनिक नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा हे माझं गाव. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. तरफ, कप्पी, दातेरी चक्र हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. तरी माझ्याच गाडीतल्या दातेरी पट्ट्यानं मला एका रात्री रस्त्यावर उभं केलं. म्हणून आज गुरुजी म्हणून नव्हे, तर नापास झालेला विद्यार्थी म्हणून बोलतो आहे असं समजा.

आमचा भाग केळीचा, हळदीचा आणि उसाचा. दवाखाना, कॉलेज, मोठी खरेदी असं काही निघालं की आम्हाला नांदेड गाठावं लागतं. अर्धापूर ओलांडायचं, आसना नदीचा पूल पार करायचा की नांदेड आलं. घरात म्हातारी आई होती. तिला घेऊन एसटीत चढणं-उतरणं अवघड होऊ लागलं, तेव्हा 2007 साली आम्ही एक डिझेलची सेकंड हँड गाडी घेतली. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. मीटरवर 71 हजार किलोमीटर होते. घेताना मी जाणकारासारखं विचारलं, “टायमिंगचा पट्टा कधी बदललाय?” विकणाऱ्यानं बॉनेट उचललं, बोट दाखवलं आणि म्हणाला, “हे काय गुरुजी, नवाकोराच टाकलाय.” खरोखरच समोर एक नवा, चकचकीत पट्टा दिसत होता. मी समाधानानं मान डोलावली आणि पैसे मोजले.

2008 चा डिसेंबर. आईला चार दिवस नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. संध्याकाळी सुट्टी मिळाली. धाकटा भाऊ माझ्या शेजारी, आई मागच्या सीटवर शाल पांघरून. आसनेचा पूल मागे पडला, अर्धापूर अजून यायचं होतं. गाडी चांगली चालली होती. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. आणि एकदम समोरचे लाल दिवे लागले, इंजिन गप्प झालं. दिवा विझावा तशी गाडी विझली. मी ती कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भर्रकन फिरला, पण इंजिन काही धरेना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

उसाचे दिवस होते. एक ट्रॅक्टरवाला थांबला, मागून दोन-तीन मोटारसायकलवाले थांबले. आपल्याकडची माणसं भली असतात. “धक्का मारून बघू गुरुजी,” म्हणाले. मी दुसरा गिअर टाकला, त्यांनी ढकललं, मी क्लच सोडला. आतून खट्‌ असा एक आवाज आला आणि गाडी जागीच अडली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पुढचे तीन तास आई रस्त्याकडेच्या एका मोरीच्या कठड्यावर बसून होती. थंडी होती. ती एका शब्दानंही बोलली नाही. शेवटी एक टेम्पो मिळाला, त्याला टोचन लावून गाडी नेली. आईला दुसऱ्याच्या जीपमध्ये बसवून भावानं घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी झाकण खोललं. आतून फाटका, दाते सुटलेला पट्टा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, “गुरुजी, हा तर गाडीबरोबरच जन्मलेला दिसतो.” मी म्हटलं, अहो, पट्टा तर नवा होता. मिस्त्री हसले. मला दाखवलेला नवा पट्टा फॅन बेल्ट होता. तो बाहेर असतो, बॉनेट उचललं की दिसतो आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर वगैरे फिरवतो. तो तुटला तर गाडी थोडा वेळ तरी चालते. टायमिंगचा पट्टा झाकणाआड असतो आणि तो तुटला तर गाडी त्याच क्षणी थांबते. विकणारा खोटं बोलला होता की त्यालाही फरक माहीत नव्हता, हे मला आजवर कळलेलं नाही. मला मात्र तो माहीत असायला हवा होता.

हेड उतरवलं तेव्हा आठांपैकी सहा वॉल्व्ह वाकलेले निघाले. गाडी वीस दिवस गॅरेजमध्ये आणि 26 हजारांचं बिल. पट्टा वेळेत बदलला असता तर त्या वेळी चार हजारांत काम झालं असतं.

आता हा पट्टा नेमकं करतो काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनात खाली एक दांडा असतो, त्याला क्रँक म्हणतात. पिस्टन वर-खाली होतात आणि तो फिरतो. वर दुसरा दांडा असतो, कॅमशाफ्ट. तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. वॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या नाकपुड्या. एकीतून हवा आत येते, दुसरीतून जळका वायू बाहेर जातो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा झाला पाहिजे. ना कमी, ना जास्त. हा ताळमेळ ठेवतो तो टायमिंग बेल्ट. म्हणून त्याला दाते असतात. साधा पट्टा थोडा घसरला तरी चालतं; हा एक दातासुद्धा घसरून चालत नाही.

बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येतो ती जागा आणि वॉल्व्ह खाली उतरतो ती जागा एकच असते. दोघं पाळीपाळीनं तिथं येतात. एक आला की दुसरा निघून गेलेला असतो. पट्टा तुटला की वॉल्व्ह जिथल्या तिथं थांबतात, काही उघडेच राहतात. पण गाडी वेगात असते, क्रँक आणखी काही फेरे घेतोच. मग पिस्टन खालून येऊन उघड्या वॉल्व्हवर आपटतो. वॉल्व्ह वाकतो, कधी पिस्टनला भोक पडतं, कधी हेड जातं. काही पेट्रोल इंजिनांत या दोघांच्या मध्ये मोकळी जागा ठेवलेली असते. तिथं पट्टा तुटला तर गाडी फक्त बंद पडते. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जात असल्यानं वर जागाच उरत नाही. तिथं पट्टा तुटला की नुकसान जवळजवळ ठरलेलं.

आता त्या धक्क्याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलली म्हणजे आम्ही आमच्या हातांनी पिस्टन उचलून वॉल्व्हवर आपटत होतो. किती वॉल्व्ह पट्टा तुटताना वाकले आणि किती आमच्या मेहनतीनं, ते सांगता येत नाही, असं मिस्त्री म्हणाले. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. चालती गाडी एकाएकी गप्प झाली आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका फिरू लागला, तर पुन्हा पुन्हा किल्ली मारू नका, धक्का तर मुळीच मारू नका. टोचन लावतानाही गाडी न्यूट्रलमध्येच ठेवा.

या पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झालाच नव्हता, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. 1940 च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी दातेरी रबरी पट्टा तयार करण्यात आला. वरची सुई आणि खालची बॉबिन यांची गाठ नेमक्या क्षणी पडली तरच टाका बसतो. आपल्या गावातल्या शिंप्याला हे सांगावं लागत नाही. तीच युक्ती पुढे मोटारीत आली. पश्चिम जर्मनीतल्या ग्लास नावाच्या कंपनीनं 1962 साली आपल्या 1004 या मोटारीत असा पट्टा वापरला, तेव्हापासून तो सर्वसामान्य मोटारींमध्ये शिरला. त्याआधी हे काम लोखंडी साखळी किंवा दातेरी चाकं करत. आपल्याकडची अॅम्बॅसॅडर आणि पद्मिनी साखळीवर चालत. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि तिच्याबरोबर हा रबरी पट्टा आपल्याकडे घरोघरी आला. 1998 साली आलेल्या सँट्रो आणि डिझेल इंडिका या गाड्यांतही तोच होता. पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा आणि त्याला तेल लागत नाही. एकच अट, त्याला आयुष्याची मुदत आहे.

पुढं बऱ्याच कंपन्या पुन्हा साखळीकडे वळल्या. त्यामुळे आज प्रत्येक गाडीत पट्टा असतोच असं नाही. आपल्या शेतातल्या ट्रॅक्टरच्या इंजिनात दातेरी चाकंच असतात. म्हणूनच ट्रॅक्टर हाताळणाऱ्या आपल्या लोकांना ‘पट्टा बदलायचा असतो’ ही गोष्टच नवी वाटते. साखळीची गाडी असेल तर ठरावीक मुदतीला साखळी बदलावी लागत नाही, पण इंजिन ऑइल वेळेवर बदलावं लागतं, नाहीतर तीही सैल पडते. अलीकडच्या काही इंजिनांत तर पट्टा ऑइलमध्ये बुडून फिरतो. तिथं कंपनीनं सांगितलेलंच ऑइल वापरावं लागतं, कारण चुकीच्या ऑइलनं रबर खराब होतं. तेव्हा पहिलं काम एवढंच, की आपल्या गाडीत काय आहे ते माहीत करून घ्या. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडा. पुस्तक नसेल तर गाडीचा नंबर आणि मॉडेल सांगून अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

आता मुख्य प्रश्न. बदलायचा कधी?

माझ्यासारखी बहुतेक माणसं म्हणतात, “आवाज आला की बघू.” हाच तर घोटाळा आहे. ब्रेक झिजले की किरकिरतात, टायर गुळगुळीत झाला की दिसतो, बॅटरी उतरली की सकाळी कुरकुरते. हा पट्टा बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. कधी त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग गुणगुणतं, कधी झाकणाच्या कडेनं ऑइल पाझरलेलं दिसतं. असं काही दिसलं-ऐकलं तर लगेच गाडी दाखवाच. पण काही दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

“झाकण उघडून पट्टा बघितला तर?” असंही काही जण विचारतात. जुन्या काळच्या पट्ट्यांच्या रबराला भेगा पडत, त्या डोळ्यांना दिसत. पुढं उष्णता जास्त सोसणारं रबर आलं. त्याच्या आत काचेच्या तंतूंचे दोर असतात, ताण सगळा ते घेतात. हे दोर आतून थकतात आणि वरचं रबर मात्र छान दिसत राहतं. म्हणजे पट्टा वाईट दिसला तर तो नक्की वाईट असतो. चांगला दिसला तर तो चांगला असेलच असं नाही.

त्याच्यावर किती काम पडतं, याचा एकदा मी हिशेब केला. सपाट रस्त्यावर ताशी साठच्या वेगानं जाताना इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेतं असं धरा. साठच्या वेगानं एक किलोमीटर म्हणजे एक मिनिट. म्हणजे किलोमीटरला दोन हजार फेरे. साठ हजार किलोमीटरला बारा कोटी. प्रत्येक वॉल्व्ह तेवढ्यात सहा कोटी वेळा उघडला आणि मिटला. प्रत्येक वेळी वॉल्व्हच्या स्प्रिंगचा हिसका पट्ट्यानं सोसलेला असतो. एवढं करून तो बिचारा तुटला, तर त्याला दगाबाज कसं म्हणायचं?

म्हणून हा निर्णय कानानं किंवा डोळ्यानं घ्यायचा नसतो. तो वहीनं घ्यायचा असतो. कंपनी दोन आकडे देते. एक किलोमीटरचा, एक वर्षांचा. गाडीगणिक हे आकडे वेगळे असतात. कुणाचे साठ हजार किलोमीटर, कुणाचे एक लाख, कुणाचे त्याहून जास्त. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लागू होत नाही. आणि दोन आकड्यांपैकी जो आधी पुरा होईल तो धरायचा. या ‘आधी’ शब्दावरूनच आमच्या घरात एकदा मोठा वाद झाला. ती दुसऱ्या वेळची हकिकत.

पहिली गाडी मी दुरुस्त करून विकून टाकली. विकताना टायमिंग बेल्टचं बिल नव्या मालकाच्या हातात दिलं. 2010 साली हप्त्यांवर दुसरी, नवी गाडी घेतली. हिच्या पुस्तकात लिहिलं होतं, 80 हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं. मी ते पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घेतलं. आई त्या रात्रीपासून गाडीत बसताना एकच प्रश्न विचारायची, “पट्टा बघितलास का रे?” नवी गाडी दारात आली, नारळ फुटला, पेढे वाटले, तेव्हाही तिनं तेच विचारलं. सगळे हसले.

मग उजाडलं 2016 साल. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा. आमच्या विहिरीनं तळ गाठलेला, केळीची बाग सोडून द्यावी लागलेली. घरात एकेक रुपया मोजून खर्च होत होता. आणि नेमकं तेव्हा माझ्या वहीतलं पान सांगत होतं, पट्ट्याला सहा वर्षं झाली. खरं तर वर्षभर आधीच मुदत संपली होती, ‘पाऊस पडू दे, मग बघू’ म्हणत मीच ती ढकलली होती. मीटरवर मात्र 52 हजारच किलोमीटर होते. खर्च सांगितला 7 हजार 800.

धाकटा भाऊ ऐकेना. “दादा, गाडी चांगली चालायली अन्‌ तू ती खोलायला निघालास? पुस्तकात ऐंशी हजार लिहिलंय. अजून अठ्ठावीस हजार बाकी आहेत. बी-बियाण्याला पैसा नाही आपल्याकडं.” त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. हातातले पैसे खरे होते, पट्टा तुटण्याची शक्यता फक्त शक्यता होती. तुटला नसता तर ते पैसे बियाण्याला उपयोगी पडले असते. मीही दोन रात्री विचार करत पडलो होतो.

पण रबर किलोमीटर मोजत नाही, असं मिस्त्रींनी मला सांगितलं होतं. गाडी सावलीत उभी राहिली तरी रबराचं वय होतंच. त्यातून आमच्याकडचा उन्हाळा आणि शेतरस्त्यांची धूळ. शिवाय आमची गाडी निम्मा वेळ शेतातल्या कच्च्या वाटेनं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते. तेव्हा मीटर एक किलोमीटर दाखवतं, पण इंजिनानं फेरे कितीतरी जास्त घेतलेले असतात. एसी लावून उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या गाड्यांचंही तेच. चाक हलत नाही, मीटर हलत नाही, पट्टा मात्र फिरत असतो. म्हणजे 52 हजारांचा आकडा वाटत होता तेवढा धाकटा नव्हता.

वाद चालला होता तेव्हा आई ओसरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “तुमच्या बापाचा मोटेचा नाडा आठवतो का?” आम्हाला कुठून आठवणार, आमच्या जाणतेपणी विहिरीवर इंजिन आलं होतं. ती सांगू लागली. मोट विहिरीतून ओढणारा जाड दोर म्हणजे नाडा. बैल धावेवरून, म्हणजे उतारावरून, खाली जातात तेव्हा भरलेली मोट वर येते. त्या वेळी नाडा तुटला तर मोट विहिरीत पडते, ते चालतं; पण पुढं ओढणारे बैल एकदम तोंडघशी पडतात, गुडघे फोडून घेतात. म्हणून वडील सुगीच्या आधी नाडा बदलायचे. जुना दिसायला धडधाकट असला तरी. तो टाकून देत नसत, जनावरं बांधायला घेत. “नाडा तुटायची वाट बघायची नसते बाबा,” ती म्हणाली, “दोर मिळतो, बैल मिळत नाही.”

भाऊ गप्प झाला. दुसऱ्या दिवशी मी गाडी नांदेडला नेली.

आता खरी गंमत ऐका. पट्टा निघाला तो धडधाकट. एक भेग नाही, एक दाता झिजलेला नाही. टेन्शनर ठीक, वॉटर पंप ठीक. भावानं तो पट्टा हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “बघ. चांगला होता.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तो पट्टा आणखी तीन वर्षं टिकला असता, की पुढच्याच आठवड्यात तुटला असता, हे कुणालाच सांगता येणार नाही. वेळेवर केलेल्या या कामाची अडचण हीच आहे. चुकलात तर 26 हजारांचं बिल हातात येतं; बरोबर केलंत तर हातात काहीच येत नाही. जे घडलं नाही त्याची पावती कुणी देत नाही. लसीचं, विहिरीच्या कठड्याचं, घराच्या वायरिंगचंही असंच असतं. म्हणून तर असली कामं मागे पडतात आणि म्हणूनच ती वहीत लिहून ठेवावी लागतात.

आता माझ्या दोन्ही वेळच्या अनुभवांतून निघालेल्या काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

सेकंड हँड गाडी घेत असाल तर ‘बदललाय’ या शब्दावर जाऊ नका. बिल मागा. बिलावर तारीख, मीटरचं रीडिंग आणि टायमिंग बेल्ट असा स्पष्ट उल्लेख हवा. बिल नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असं धरा आणि तो खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून मगच बोलणी करा. मीटर मागे फिरवलेली गाडीही बाजारात असते, तेव्हा किलोमीटरपेक्षा गाडीच्या वयावर जास्त भरवसा ठेवा.

पट्टा बदलताना एकटा पट्टा बदलू नका. टेन्शनर आणि आयडलर यांची बेअरिंगं त्याच्याइतकीच फिरलेली असतात. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही बदलून घ्या. जुना पंप अडकला तर नवा पट्टाही तो तोडतो. सगळी खोलखाल एकदाच होते, मजुरी एकदाच पडते. क्रँक किंवा कॅमशाफ्टच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर तेही तेव्हाच करून घ्या, कारण ऑइल रबराला खातं. सामान खोकं पाहून, बिल घेऊन, खात्रीच्या दुकानातूनच घ्या. इथं हजार रुपये वाचवण्यात शहाणपण नाही.

हे काम माहितगाराकडूनच करून घ्या. पट्टा बसवल्यावर दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवाव्या लागतात, मग इंजिन हातानं पुरे दोन फेरे फिरवून त्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावं लागतं. त्याआधी किल्ली मारायची नसते. मिस्त्री हे करताना तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. काम झालं की तारीख आणि रीडिंग लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवून घ्या.

आणि गाडी फारच जुनी असेल, विकली तर तीस-चाळीस हजारही येणार नसतील, तर? तेव्हा मात्र शांतपणे हिशेब करा. गाडी वर्षभरात काढायचीच असेल आणि गावातल्या गावातच फिरत असेल, तर जोखीम घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण ती जोखीम जाणून घ्या. पट्ट्याचा खर्च आणि इंजिनाचा खर्च एवढंच ताजव्यात टाकू नका. पट्टा तुटेल तेव्हा गाडी कुठं असेल आणि मागच्या सीटवर कोण बसलं असेल, हेही टाका. मी 2008 साली चार हजार रुपये वाचवले होते. त्या हिशेबात मोरीच्या कठड्यावर बसलेली आई धरलेली नव्हती.

आई 2019 साली गेली. 2016 साली काढलेला तो धडधाकट पट्टा भावानं टाकून दिला नाही. गोठ्याच्या दाराला झडप लागते, तिला तो बांधला आहे. दाते वरच्या बाजूला आहेत. येता-जाता दिसतो. भाऊ अजूनही म्हणतो, चांगला होता. पण गेल्या वर्षी त्यानं स्वतःची गाडी घेतली, तीही सेकंड हँड, तेव्हा व्यवहार ठरवायला बसल्यावर त्यानं पहिला प्रश्न कोणता विचारला असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यानं बिल मागितलं. बिल नव्हतं. गाडी घरी नेण्याआधी त्यानं ती परस्पर गॅरेजला नेली.

श्रोतेहो, दुपारी थोडा वेळ काढा. गाडीच्या कप्प्यात कागदांखाली दबलेलं ते पुस्तक बाहेर काढा. आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, ते बघा. पट्टा असेल तर दोन्ही आकडे एका कागदावर लिहा, खाली शेवटचा कधी बदलला ते लिहा. तिसरी जागा कोरी राहिली, तर तेच तुमचं उत्तर आहे असं समजा.